साखरेने कमावलेली कातडी

कोल्हापुरी चपलेचे कातडे उन्हात तापते, धुळीत राबते, वर्षानुवर्षे पायाखाली तुडवले जाते आणि तरीही कुजत नाही. जनावराच्या अंगावरून नुकतेच उतरवलेले कातडे मात्र उघड्यावर टाकले तर दोन-तीन दिवसांत नासू लागते. वस्तू एकच, मग हा फरक कशामुळे? तर मधल्या काळात ते कातडे ‘कमावलेले’ असते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते दिवसचे दिवस भिजत पडते. सालीतले आणि फळातले तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूतंतूंत शिरते आणि एका तंतूला दुसऱ्याशी जखडून टाकते. असे जखडलेले तंतू जंतूंच्या पाचकरसांना तोडता येत नाहीत. कातडे टिकाऊ होते. पण ते मेलेलेही असते; त्याला ओरखडा पडला तर तो भरून येत नाही.

आता एक चमत्कारिक वाटेल असे विधान करतो. याच जातीची कमावणी आपणा सर्वांच्या जिवंत कातडीतही सावकाश चालू असते आणि तिथे बाभळीच्या सालीचे काम रक्तातली साखर करते. वयाबरोबर ती सर्वांच्याच अंगात होते. मधुमेही माणसाच्या अंगात तिचा वेग वाढतो. जिवंत कातडीला चपलेचा टिकाऊपणा नको असतो, तिला हवी असते दुरुस्ती. मधुमेही माणसाच्या पायाची साधी जखम महिनोन् महिने का चिघळत राहते, याचे एक उत्तर या कमावणीत आहे. एकमेव नव्हे, पण महत्त्वाचे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेलेली होती. त्याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्रातील प्रौढांत हे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. म्हणजे ज्या घरात, निदान ज्या भाऊबंदकीत, एकही मधुमेही नाही असे घर आता शोधावे लागेल. तेव्हा हा विषय केवळ शास्त्रशाखेच्या वर्गात सोडून देण्यासारखा नाही.

कातडीला कातडीपण देणारे द्रव्य म्हणजे कोलॅजन नावाचे प्रथिन. आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांचा जवळजवळ तिसरा हिस्सा या एकट्याचा आहे. त्वचा, हाडे, कूर्चा, स्नायूंना हाडांशी बांधणारे बंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सर्वत्र तेच. सुताराच्या भांड्यातला जुन्या पद्धतीचा सरस म्हणजेसुद्धा उकळून विरघळवलेले कोलॅजनच. या प्रथिनाची घडण उलगडण्याचा मान भारताकडे येतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली दाखवून दिले की, कोलॅजनचा रेणू हा तीन पेडांच्या दोरासारखा असतो. यासाठी त्यांनी जो नमुना क्ष-किरणांखाली तपासला, तो होता कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंध! शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती आणि तिचे साहाय्य त्यांना झाले. कातडे कमावण्याचे शास्त्र आणि जीवनाच्या रेणूंचे शास्त्र असे एकाच आवारात भेटले, हे मला तरी मोठे अर्थपूर्ण वाटते.

या दोराच्या प्रत्येक पेडात सुमारे हजार अमिनो आम्लांचे मणी ओवलेले असतात आणि त्यांतला दर तिसरा मणी ग्लायसीनचा, म्हणजे सर्वांत लहान आम्लाचा असतो. कारण तीन पेड जिथे एकमेकांवर आवळले जातात तिथे आत दुसऱ्या कशाला जागाच नसते. असे अनेक दोर शेजारी-शेजारी लागून तंतू बनतो आणि तंतूंची जुडी बनते. शरीर हे तंतू विशिष्ट जागी एकमेकांना टाकेही घालते. पण मोजून, हव्या तिथेच. जुना तंतू तोडून नवा घालण्याचे कामही चालूच असते, मात्र अत्यंत संथपणे. कातडीतील कोलॅजनचा निम्मा साठा बदलायला सुमारे १५ वर्षे लागतात, असे मोजमाप आहे. सांध्यांच्या कूर्चेतील कोलॅजनला तर माणसाचे आयुष्य पुरत नाही. इतका दीर्घायुषी पदार्थ साखरेच्या द्रावणात पंधरा-वीस वर्षे बुडवून ठेवला तर त्याचे काय होईल, हाच आपला प्रश्न.

त्याचे उत्तर प्रथम स्वयंपाकघरात मिळते. साताऱ्याचा कंदी पेढा खरपूस तपकिरी का असतो? खव्यात दुधाची प्रथिने असतात, दुधाची स्वतःची साखर असते आणि त्यांना कढईत परतण्याची आच मिळते. साखर आणि प्रथिन यांचा उष्णतेने संयोग होतो. त्यातून तो रंग, तो वास आणि ती खमंग चव निर्माण होते. भाकरीचा पापुद्रा, आटवलेल्या बासुंदीची छटा, भाजलेल्या दाण्यांचा वास हे याच क्रियेचे निरनिराळे अवतार होत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे कित्येक वर्षे ती अन्नप्रक्रियेचा विषय म्हणूनच राहिली. कढईची आच नसतानाही, केवळ अंगाच्या ऊबेत ती घडत असेल हे कोणाच्या सहसा ध्यानात आले नाही.

शरीरात ती घडते कशी, हे समजण्यासाठी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डोकावावे. तिथल्या बरण्यांत बेडूक आणि साप वर्षानुवर्षे फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असतात. फॉर्मॅलिनमधले रसायन अल्डिहाइड या वर्गातले. ते प्रथिनांना घट्ट चिकटते, त्यांना एकमेकांत गुंतवते आणि मांस ताठ करून ठेवते. रक्तातील ग्लुकोजसुद्धा याच घराण्यातले आहे. फरक इतकाच की, ग्लुकोजचा रेणू बहुतेक सर्व काळ स्वतःभोवती कडे करून, आपले अल्डिहाइडचे टोक झाकून बसलेला असतो. कडे उघडून बसलेले रेणू लाखात दोन-तीनच. सर्व शर्करांत ग्लुकोज हे या बाबतीत सर्वांत सौम्य आहे, आणि म्हणूनच निसर्गाने रक्तातील इंधन म्हणून त्याची निवड केली असावी, असा तर्क बन आणि हिगिन्स या संशोधकांनी १९८१ साली मांडला होता. फळांतील फ्रुक्टोज प्रथिनांना याहून कितीतरी जलद चिकटते.

पण लाखात दोन-तीन म्हटले तरी रक्त अहोरात्र वाहते आहे. उघडे टोक प्रथिनावरील लायसिन या आम्लाला जाऊन भिडते. पहिली जोडणी काही तासांत होते आणि ती सुटूही शकते. काही दिवसांत तिची अंतर्गत मांडणी बदलून ती पुष्कळ पक्की होते. आणि त्यानंतर महिने-वर्षे चालणाऱ्या गुंतागुंतीच्या क्रियांनी तिचे अखेरचे रूप तयार होते. ते मग कधीच सुटत नाही. या सबंध प्रकाराला ग्लायकेशन म्हणतात. अखेरच्या रूपांपैकी काही नुसतीच तंतूला डकवलेली राहतात. काही मात्र शेजारच्या तंतूलाही धरतात आणि दोघांत कायमचा टाका घालतात. मानवी कोलॅजनमध्ये असा टाका घालणाऱ्यांत ग्लुकोसेपेन नावाचे द्रव्य अग्रभागी आहे. हे टाके शरीराने मोजून घातलेले नसतात. हिरड्याच्या पाण्यात जे घडते त्याच्याशी याचे साम्य दिसेल. किंबहुना हिरड्याचा बंध तुलनेने सैल म्हणावा, साखरेचा त्याहून चिवट असतो.

इथे एक शंका येईल की, मग कंदी पेढा खाल्ला की तो तपकिरी रंग कातडीत चढतो काय? तसे नाही. भाजक्या-तळक्या अन्नातील अशा द्रव्यांचा थोडा अंश आतड्यातून शोषला जातो, पण त्याने किती अपाय होतो याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. पेढ्याचा दोष त्याच्या रंगापेक्षा त्याच्या साखरेकडे अधिक जातो.

जिवंत माणसाच्या रक्तात साखर प्रथिनाला चिकटते, याचा पुरावा डॉक्टरांच्या हाती आला तो हिमोग्लोबिनच्या द्वारे. तेहरानमधील सॅम्युएल राहबर यांना १९६८ साली मधुमेही रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार वाढलेला आढळला. तो साखर चिकटलेला निघाला. आज ज्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती एचबीएवनसी तपासणी यातूनच आली. लाल रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. तेवढ्या काळात तिच्यातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे मोजले की, मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. तो ६.५ टक्के वा अधिक असेल तर मधुमेह मानतात. आदल्या दिवशी उपास करून डॉक्टरांना फसवण्याची सोय यात नाही. मात्र आपल्या जिल्ह्यातील सुरगाणा-पेठ भागात सिकल सेलचा दोष असलेली माणसे आहेत. अशांच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे त्यांचा हा आकडा फसवा निघू शकतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

हिमोग्लोबिनची वही दर चार महिन्यांनी कोरी होते. कोलॅजनची वही कोरी होत नाही. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १४४१ मधुमेही रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांची साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली, निम्म्यांवर त्या काळचे नेहमीचे उपचार केले. त्यांच्यापैकी काहींच्या कातडीचा छोटासा तुकडा काढून त्यातील कोलॅजन तपासले गेले. ज्यांची साखर आटोक्यात होती त्यांच्या कोलॅजनवरचा साखरेचा थर कमी निघाला. आणि ज्यांचा थर जाड, त्यांचे डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू अधिक बिघडलेले होते. कातडीच्या त्या तुकड्यावरून पुढील काळातील बिघाडाचाही अंदाज येत होता. दहा वर्षांपूर्वी केलेली हयगय कातडीने अशी नोंदवून ठेवली होती.

या नोंदीची एक खूण तर नुसत्या डोळ्यांनी दिसते. दोन्ही तळवे जुळवून नमस्कार करावा. निरोगी हाताची बोटे बुडापासून टोकापर्यंत एकमेकांना टेकतात. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहात काहींच्या हातांची बोटे पूर्ण सरळ होत नाहीत, सुरुवात बहुधा करंगळीपासून होते, आणि जोडलेल्या हातांत मध्ये पोकळी राहते. हाताची कातडीही जाड व मेणासारखी लागते. दुखत काहीच नाही, म्हणून कोणी तक्रार करत नाही. सांध्याभोवतालचे कोलॅजन कमावले गेले, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशात दिवसातून चार वेळा हात जोडले जातात. ही पोकळी कोणीतरी पाहायला हवी.

आता जखमेकडे वळू. जखम भरून येणे ही इतकी नित्याची गोष्ट आहे की, तिचे नवल आपल्याला वाटत नाही. ज्या गावाचे नावच कापलेल्या नाकाच्या कथेशी जोडले जाते, त्या नाशिकच्या वाचकांना एक खरी हकिकत सांगतो. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रज फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक १७९२ साली कापले गेले. वर्षभराने पुण्यात विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली ते सचित्र छापले आणि युरोपातील शल्यविशारद चकित झाले. कारागिराचे कौशल्य खरेच, पण वळवलेली कातडी नव्या जागी रुजली ती कावसजीच्या शरीराने रातोरात विणलेल्या कोलॅजनमुळे.

जखम झाली की आधी रक्त गोठते. मग पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू आणि मेलेला भाग खाऊन जागा साफ करतात; या वेळी जखम लाल आणि गरम असते. त्यानंतर तंतुपेशी येतात आणि कच्चे कोलॅजन घाईघाईने विणतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात. शेवटी महिनोन् महिने डागडुजी चालते: कच्चा तंतू तोडून पक्का घालायचा. तीन आठवड्यांच्या व्रणाला मूळ कातडीच्या पंचमांश बळ असते. पुढे ते वाढते, पण ऐंशी टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. या सगळ्या कामात तोडणे हे विणण्याइतकेच आवश्यक असते. रस्ता नवा करायचा तर आधी जुना खणावा लागतो.

मधुमेही माणसाच्या जखमेत काम नेमके इथे अडते. भोवतालचे जुने कोलॅजन साखरेच्या टाक्यांनी जखडलेले. तोडणाऱ्या रसांना ते दाद देत नाही. तंतुपेशींना सरकण्यासाठी कोलॅजनवर हात धरायच्या ठरावीक जागा असतात, त्यांवर साखर चढल्याने पकड सुटते. साखर चढलेल्या प्रथिनांना ओळखणारे एक ग्राहक पांढऱ्या पेशींवर असते. ते सतत चेतवले गेल्याने दाह शमत नाही, जखम दुसऱ्या पायरीवरच रेंगाळते. आणि दाह चालू राहिला म्हणजे कोलॅजन तोडणारे रस नको इतके पाझरत राहतात. ते नव्याने विणलेले कोवळे कोलॅजन खाऊन टाकतात. जुने तुटत नाही आणि नवे टिकत नाही, अशी ही विलक्षण कोंडी. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, म्हणून प्राणवायू अपुरा; वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशींची लढाऊ वृत्ती मंदावलेली, म्हणून जंतूंना रान मोकळे. ग्लायकेशन हा या टोळीतला एक गुन्हेगार आहे. सगळे आरोप त्याच्या एकट्याच्या माथी मारणे बरोबर होणार नाही.

आपल्या पूर्वजांनी यातील रसायन जाणले नव्हते, पण निरीक्षण चोख होते. कुष्ठी, विषबाधा झालेला, क्षयी आणि मधुमेही यांचे व्रण मोठ्या कष्टाने बरे होतात, असे सुश्रुताने स्पष्ट नोंदवले आहे. चरकाने प्रमेहात उठणाऱ्या सात प्रकारच्या पिटिका वर्णिल्या आहेत.

मग उपाय काय? हळदीचे नाव सर्वांच्या ओठी येईल. जखमेवर हळद लावण्याच्या कल्पनेवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करवले. तो विजय परंपरेच्या मालकीचा होता. मधुमेही पायाचा व्रण हळदीने बरा होतो असे त्याने सिद्ध होत नाही. गंमत अशी की, खुद्द साखर आणि मधसुद्धा जखमेवर बाहेरून लावण्याची पद्धत जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे: दाट साखर जंतूंचे पाणी शोषून घेते, लोणच्या-मुरंब्यात बुरशी धरत नाही त्याच न्यायाने. बाहेरून दाट साखर आणि रक्तातून झिरपणारी पातळ साखर यांचे धर्म अगदी निराळे. कोलॅजनच्या मलमांबद्दल थोडक्यात सांगतो: एवढा मोठा रेणू धड कातडीतून आत जात नाही, आणि पूड म्हणून गिळला तर इतर कोणत्याही प्रथिनाप्रमाणे पचतो. साखरेचे टाके होऊ न देणारे अमिनोग्वानिडिन आणि झालेले टाके तोडू पाहणारे अलजेब्रियम, ही दोन औषधे मोठ्या आशेने माणसांवर आजमावली गेली; दोन्ही अखेर सोडून द्यावी लागली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. महेश कुलकर्णी आणि सहकारी यांनी या विषयावर बरेच काम केले आहे. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन साखरेचा मारा आधी स्वतःवर घेते आणि त्यामुळे हिमोग्लोबिनसारख्या इतर प्रथिनांचा काहीसा बचाव होतो; अल्ब्युमिन कमी असलेल्या मधुमेहींत ग्लायकेशन अधिक आढळते, असे त्यांनी २०१२ साली दाखवले. साखर बंद म्हणून सगळेच खाणे तोडणाऱ्या, भात-भाकरीबरोबर डाळ-दूधही वर्ज्य करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या कानी ही गोष्ट घालण्यासारखी आहे. जखम विणायलाही प्रथिनच लागते.

जखम मुळात पायालाच का होते, तेही पाहू. मधुमेहात पायाचे मज्जातंतू बधिर होतात. खडा टोचतो, चटका बसतो, चपलेचा खिळा घासतो, पण कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम दररोज नव्याने होते. हे प्रथम नीट ओळखले गेले ते कुष्ठरोग्यांच्या पायांवरून. वेल्लोरचे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवले की, कुष्ठरोग्याचे तळवे झडतात ते रोगाने नव्हे, तर संवेदना गेलेल्या पायावर पडणाऱ्या भाराने. भार काढून घेतला, पायाला प्लास्टर घातले, तर तेच व्रण भरून येतात. हेच ज्ञान पुढे मधुमेही पायाच्या उपचाराचा पाया ठरले. कुष्ठधामांत वाटल्या जाणाऱ्या मऊ रबरी तळाच्या चपला आज मधुमेहींनाही दिल्या जातात. काही जण त्या घालायला लाजतात, लोक काय समजतील म्हणून. हा संकोच फार महाग पडतो.

आपल्या जिल्ह्यात तर पायांना विश्रांती नाही. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरीच्या वाटेला लागते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला गर्दी लोटते आणि त्यांतले कितीतरी जण अनवाणी असतात. द्राक्षबागेत आणि कांद्याच्या वावरात राबणाऱ्यांचे पाय तर बारमाही उघडेच. कोणाच्या श्रद्धेला नावे ठेवण्याचा हेतू नाही. परंतु ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे आणि ज्याचे कोलॅजन साखरेने कमावले गेले आहे, त्याच्या पायातला काटा हा इतरांच्या काट्यासारखा नसतो. घरच्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत. स्वतःला वाकणे जमत नसेल तर पायाखाली आरसा धरावा. चपलेत पाय घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. थंडीत पाय शेकू नयेत. लालसर डाग, फोड किंवा ओल दिसली तर ‘दुखत नाही ना’ असे म्हणून दोन दिवस थांबू नये.

जाणीव शिल्लक आहे की नाही हे पाहण्याची तपासणी दोन-चार मिनिटांची आहे आणि तिला यंत्र लागत नाही. नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा धागा असतो. तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला की, बरोबर १० ग्रॅमचा भार पडतो. रुग्णाने डोळे मिटायचे आणि धागा लागला की ‘हो’ म्हणायचे. अंगठा, चवडा, टाच अशा जागा एकेक करून पाहतात. ज्या जागी धागा वाकतो आणि माणूस गप्प राहतो, त्या जागेवर डॉक्टर पेनाने खूण करतात.